सोमवारची लहानी

१

सोमवारी मी फक्त चुलीवर पाणी ठेवायची. पुढचं सगळं लहानी करायची. सासूबाईंना न्हाऊ घालणं, अंथरूण बदलणं, पाठीला खोबरेल चोळणं, केस विंचरणं, पेज भरवणं. बाकीचे दिवस ही कामं माझ्याकडे असायची, म्हणून सोमवार उजाडला की मला सण आल्यासारखं वाटायचं. अंगणात तांब्याने पाय धुतल्याचा आवाज आला की मी कडेवरच्या माझ्या लेकीला, समीक्षाला, खाली सोडायची, "आलीस का गो?" म्हणायची आणि विळा घेऊन शेताकडे निघायची.

लहानी माझी नणंद. बाहेरचं जग तिला हर्षाली म्हणून ओळखायचं. शहापूरच्या एसटी स्टँडसमोर तिचं पोस्टर लागलेलं असायचं आणि पानवाल्यांच्या टपऱ्यांवर तिचे फोटो. एवढी मोठी नटी दर सोमवारी सापगावात येऊन आईचं हागणंमुतणं काढते, ह्याचं लोकांना केवढं कौतुक होतं. मला कौतुकापेक्षा आधार जास्त होता.

आजही मी तिचे उपकार मानते. पण 'तिचे' म्हणजे नेमके कुणाचे, ते मला सांगता येत नाही. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून सांगते.

२

मी लग्न होऊन सापगावात आले तेव्हा लहानी घरातच होती. शहापूरला कॉलेजात जायची, पण जीव सगळा नाटकात. मुरबाडचा वाल्मिक गावोगावची पोरं गोळा करून नाटकं बसवायचा, त्यात ही. भात झोडताना ती मला नाटकातली भाषणं म्हणून दाखवायची आणि मी हसून हसून पेंढ्यांवर पडायची. तिच्या डाव्या हाताची करंगळी लहानपणी जात्यात सापडून वाकडी झाली होती. भाषणात हात वर केला की सगळी बोटं एकीकडे आणि ती करंगळी एकटीच भलतीकडे बघायची.

वर्षभरात वाल्मिक तिला मुंबईला घेऊन गेला. दुसऱ्याच सिनेमात तिचं नाव झालं. मग एका सकाळी अंगणात गाडी आली. वाल्मिक आता तिचा सेक्रेटरी झाला होता. सोबत सिनेमाच्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर होता, आणि लहानी. तिने मुरबाडच्या दुकानातून त्याच सकाळी घेतलेली हिरवी सुती साडी नेसली होती. साडीच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या.

"चुलीपुढं बसा," फोटोग्राफर म्हणाला.

"चूल कशाला? गॅस हाय की आता," सासूबाई म्हणाल्या.

"गॅस नको, भिमामावशी," वाल्मिक म्हणाला. "धूर पायजे. हिरोईन लोकांना लय मिळतात. लोकांना लेक पायजे."

चूल थंड होती. त्यांनी ओला पेंढा पेटवून धूर केला. लहानी खोकत खोकत भाकरी थापायचं नाटक करत होती. मग वाल्मिकने खिशातून काळी पेन्सिल काढली आणि तिच्या डाव्या डोळ्याखाली एक तीळ काढला. सासूबाई पुढे होऊन बघायला लागल्या.

"ही तीट कुणी लावली गो? दृष्ट लागंल म्हून?"

"हेच!" वाल्मिक ओरडला. "हेच लिहायचं. जन्मापासूनचा तीळ. आई म्हणते, देवानंच तीट लावून धाडलीय."

"मी कवा म्हनले?"

"आत्ता म्हनलात ना मावशी!"

सगळे हसले. सगळ्यात जास्त लहानीच हसली. फोटोग्राफरने विचारलं, घरी किती वेळा येता? तिने वाल्मिककडे बघितलं.

"दर सोमवारी," वाल्मिक म्हणाला. "सोमवार बरा वाटतो ऐकायला, उपासाचा वार. शूटिंग असो नसो, सोमवारी ती आईपाशीच असते. आईला न्हाऊ घालते, घास भरवते."

"मला काय धाड भरलीय घास भरवून घ्यायला?" सासूबाई म्हणाल्या.

जाताना लहानीने साडी सोडून आपले कपडे घातले. हिरवी साडी राहिली आमच्याकडेच. मी ती घडीवर घडी बसवून ट्रंकेत ठेवून दिली.

पुढे ते सगळं छापून आलं. नंतर टीव्हीवर, रेडिओवरही ती तेच सांगायची, आणि दर वेळी थोडं जास्त सांगायची. ती स्वतः मात्र घरी आली ती दोनदा, तीही उभ्या उभ्या. आमचा तिच्यावर राग नव्हता. तिचं चाललेलं बघून आम्हाला बरंच वाटायचं.

३

सत्त्याण्णव साली उन्हाळ्यात, भातासाठी जमीन भाजायच्या म्हणजे राबाच्या दिवसांत, सासूबाई शेतातच कोसळल्या. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी औषधं दिली आणि घरी न्यायला सांगितलं. माझे मालक ज्ञानेश्वर भातसानगरला धरणावर कामाला. पाळीची नोकरी, सुट्टी मिळायची नाही. समीक्षा अंगावर पीत होती. लहानीला निरोप गेला, तेव्हा ती कुठे दूर देशी शूटिंगला होती. तिने वाल्मिकच्या हाती औषधं आणि मऊ गादी पाठवली.

मी एकटीच. सासूबाईंच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या. एका सोमवारी दुपारी त्यांना कुशीवर वळवताना माझ्याने होईना, म्हणून मी खाटेजवळ बसून रडत होते. त्या उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होत्या. तेव्हा अंगणात पाणी ओतल्याचा आवाज आला.

लहानी दारात उभी होती. हिरवी सुती साडी, पायात काही नाही, हातात काही नाही. पाय धुतलेले. डोळ्याखाली तीळ.

"वहिनी," ती म्हणाली, "आईला मीच भरवते. हे सुख मी कुणाला देणार नाही."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती थंड नव्हती, गरमही नव्हती. पदराला ओल्या पेंढ्याच्या धुराचा वास येत होता. मला वाटलं, येताना कुणाच्या शेताच्या बांधावरून आली असेल. माणूस बुडत असताना कुणी हात दिला तर हाताचा वास कोण बघत बसतं?

तिने सासूबाईंना एका हाताने वळवलं. कापूस उचलावा तसं हळू. मी बाहेर येऊन पडवीत भिंतीला टेकले आणि बसल्या बसल्या झोपले. कित्येक दिवसांनी झोपले. उठले तर खोली शांत होती आणि ती गेलेली होती. सासूबाईंच्या केसांची घट्ट वेणी घातलेली होती. मागच्या दाराची कडी मात्र आतून लावलेली होती. मी म्हटलं, पुढूनच गेली असेल, मला उठवलं नसेल.

४

मग ती येतच राहिली. जखमा भरल्या. सासूबाईंच्या तोंडावर तेज आलं. त्या वर्षी मी भात लावलं, काढलं, झोडलं, आणि माझं लेकरू रांगायचं ते चालायला लागलं. हे सगळं तिच्यामुळे झालं. सोमवारी मालकांची पाळी सकाळची, ते येईपर्यंत ती गेलेली असायची. "भावाला भेटायला थांबत नाय," म्हणून ते हिरमुसायचे, पण धरणावर सगळ्यांना अभिमानाने सांगायचे.

तिच्यात काहीतरी बिघडलेलं आहे, हे मला एकदम नाही कळलं.

आधी तिचं बोलणं. आमची लहानी मला 'वयनी' म्हणायची. ही 'वहिनी' म्हणायची, छापल्यासारखं. मी म्हटलं, मुंबईने जीभ वळवली असेल. पण पुढे लक्षात आलं की तिची वाक्यं मोजकीच होती, आणि सगळी आम्ही टीव्हीवर ऐकलेली. "शेणाने सारवलेल्या जमिनीवरच मला झोप लागते." "माझ्या आईच्या हाताला जी चव आहे ती पंचतारांकित हॉटेलात नाही." मी विचारलं, लहाने, लग्नाचं काय तुझं? तर हसली. पोस्टरवर हसते तेवढीच, तितकाच वेळ.

एकदा टीव्हीवर हर्षाली म्हणाली, घरी गेले की मी जात्यावर दळते. आमचं जातं माळ्यावर धूळ खात पडलं होतं. पुढच्या सोमवारी मी शेतातून आले तर जातं खाली, माजघरात, आणि भोवती ताजं पीठ. दोन गड्यांना न हलणारं जातं.

मग साडी. वर्षभरात तिच्या अंगावर दुसरी साडी दिसली नाही. एका सोमवारी ती खोलीत असताना मी ट्रंक उघडली. हिरवी साडी तळाशी होती, मी ठेवलेल्या घडीत. मी ती हातात धरून बसले. पलीकडून तिच्या बांगड्या वाजत होत्या. दोन घेतल्या असतील, मी मनाशी म्हटलं. पैसेवाली माणसं दोन दोन घेतात.

शेजारच्या गोमाकाकांना मी विचारलं, "काका, एवढी नटी गावातून चालत येते, तर गर्दी कशी नाय व्हत?"

काका डोकं खाजवत म्हणाले, "बघतात गो सगळी. पन हाक माराया कुनाला सुचत नाय. भिंतीवरला फोटो गेल्यागत वाटतं. फोटोला कोन हाक मारतं?"

आणि शेवटी तो आवाज. शेतातून मी लवकर परतले होते. पडवीत पाऊल टाकलं आणि खोलीतून बोलणं ऐकू आलं. एक आवाज तिचा. दुसरा जाडसर, थोडा घोगरा, मधेच खुदकन हसणारा. दुसरा आवाज सासूबाईंचा होता. वाचा गेलेल्या माणसाचा. मी दार ढकललं. सासूबाई गप्प, तोंड थोडं उघडं, डोळे भरलेले. ती केस विंचरत होती.

"आई बोलल्या?" मी विचारलं.

"आई म्हणते, देवानेच मला तीट लावून पाठवलंय," ती म्हणाली.

५

गोमाकाकांच्या घरी फोन आला तो अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर. आळीतला पहिला फोन. त्यांच्या पडवीतून आमच्या खोलीची मागची खिडकी दिसते, मधे फक्त तुळस आणि आमचा वाफा.

त्या सोमवारी दुपारी काकांनी हाक मारली, "मैने, तुझा फोन हाय गो."

मी ओले हात पुसत गेले. तिकडून रडका आवाज आला.

"वयनी, मी लहानी. आय कशी हाय गो?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. खिडकीतून आत बसलेलीची हिरवी पाठ दिसत होती. हात वर जात होता, खाली येत होता. फणी फिरत होती.

"वयनी? आयकतेस ना? मला सोडत नायत गो. एक झालं की दुसरं. दीड वरीस झालं, आयचं तोंड बघितलं नाय. कंच्या तोंडानं येऊ? लोक इचारतात, आई कशी आहे, आन मी हसून सांगते, परवाच भरवून आले. सांगून सांगून आता माझं मलाच खरं वाटतं. वयनी, मला माझं बोलनं बी आठवत नाय कधी कधी. आज तुझ्याशी बोलाया घेतलं तर आधी 'वहिनी'च तोंडात आलं."

"लहाने," मी म्हणाले, "तू आत्ता हाईस कुठं?"

"मदरासला. का गो?"

फणी थांबली. हिरवी पाठ हळूहळू वळायला लागली. मी पटकन डोळे मिटून घेतले. का ते सांगता येणार नाही. उघडले तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं.

मी काय काय बोलले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "शूटिंग मोड, नायतर काय बी कर, पन ये."

परत आले तर ती उंबऱ्यात उभी होती. माझी समीक्षा तिच्या कडेवर. मी लेकरू ओढून घेतलं, आणि घेता घेता तिचा डावा हात माझ्या हातात आला. करंगळी सरळ होती. इतर बोटांसारखी, काडीसारखी सरळ. आणि एवढा घाम काढणारा उकाडा, तरी डोळ्याखालचा तीळ जागचा हलला नव्हता. तो कातडीतलाच होता.

"दर सोमवारी," ती म्हणाली, "मी आईपाशीच असते."

तिने समीक्षाच्या गालावर बोट फिरवलं, मायेने. माझी लेक खळखळून हसली.

६

मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि मी तिला घट्ट धरून बसले. सिनेमात डुप्लिकेट असतात. वाल्मिकने एखादी बाई धाडली असेल. लोकांना दिसावं म्हणून. मी काकांच्या फोनवरून वाल्मिकला गाठलं.

"वाल्मिकदादा, सोमवारी तुमी कुनाला धाडता का आमच्याकडं?"

"कुनाला?"

"लहानीसारखी दिसनारी."

तो हसला. "वहिनी, तशी बाई मिळाली असती तर मी तिला सेटवर उभी केली असती. ही आताशा रोज रडते." मग आवाज उतरवून म्हणाला, "का? कोन येतं का?"

मी फोन ठेवला. तो खोटं बोलत असेल, असं मला आजही कधी कधी वाटतं. वाटून घ्यायला बरं असतं.

मालकांना सांगितलं. "आयला तरास देते का ती?" त्यांनी विचारलं.

"नाय. उलट."

"पोरीला?"

"नाय."

"मंग दार लावू नको," ते म्हणाले. "तू एकटी मरून गेली असतीस."

तरीही मी सासूबाईंपाशी गेले. त्यांचा डावा हात चालायचा. मी तो हातात घेतला आणि म्हटलं, "आये, सोमवारी येते ती आपली लहानी नाय. तुमाला ठावं हाय?"

त्यांनी माझा हात दाबला. हो.

"भ्या नाय वाटत?"

त्यांनी हात सोडवून घेतला आणि स्वतःच्या वेणीवरून फिरवला, वरून खालपर्यंत. मग माझ्याकडे बघून हसल्या, एका बाजूने.

७

लहानी रविवारी आली. काळ्या काचांची गाडी, डोळ्यांवर काळा चष्मा, रेशमी दुपट्टा. गाडी परत धाडली. सोमवारी संध्याकाळी वाल्मिक न्यायला येणार होता. चष्मा काढल्यावर दिसलं, डोळे खोल गेलेले. ती आईच्या खाटेशी बसली. सासूबाईंनी डावा हात उचलला, तिच्या डोळ्याखालच्या तिळावर अंगठा ठेवला आणि पुसला. काळा फराटा गालावर उतरला. लहानी आईच्या छातीवर पडून हुंदके द्यायला लागली.

चहा घेताना मी तिला सगळं सांगितलं. ती आधी चिडली.

"टोमणे मारतेस वयनी? आले नाय म्हून?"

"तुझ्या आयची आन."

ती वाकडी करंगळी चोळत राहिली. मग म्हणाली, "सोमवारी मी कुठं बी असू दे, दुपारी हाताला भार येतो. कुनी डोकं ठेवल्यागत. मी म्हनायची, दमनूक असंल."

सोमवारी ती सकाळपासून आईजवळ बसून होती. मी चुलीवर पाणी ठेवलं. मनात म्हटलं, आज खरी इथे आहे, आज ती येणार नाही. पाण्याला आधण आलं. बाहेर ऊन होतं. कोंबड्या अंगणात चरत होत्या, त्या एकाएकी गप्प झाल्या.

तांब्याने पाय धुतल्याचा आवाज आला.

ती माझ्यासमोरून गेली, नेहमीसारखी. "वहिनी, पाणी तापलंय ना?" खोलीचं दार लोटलं. आतून ओरडणं येईल, रडणं येईल, काहीतरी पडेल, म्हणून मी वाट बघत होते. काहीच आलं नाही. नुसत्या बांगड्या वाजल्या. एकीच्या काचेच्या, दुसरीच्या सोन्याच्या.

मी दाराच्या फटीला डोळा लावला. फार वेळ नाही लावला. दोघी खाटेच्या अलीकडे डावी-उजवीकडे खाली बसलेल्या होत्या, पाठमोऱ्या, माना सारख्याच कललेल्या. मधे सासूबाई बसल्या होत्या. कुणाच्या आधाराशिवाय. त्यांचा डावा हात एकीच्या डोक्यावर होता. आणि उजवा, दीड वर्ष लाकूड होऊन पडलेला उजवा हात, दुसरीच्या गालावर.

"दमलीस गो," सासूबाई स्पष्ट म्हणाल्या. "आता तू बस. ती जाईल."

कुणाला म्हणाल्या ते मला दिसलं नाही. मी मागे सरले. समीक्षाला घेऊन अंगणात जाऊन उभी राहिले.

८

उन्हं कलल्यावर गाडी आली. वाल्मिक खाली उतरला. तेवढ्यात दारातून ती बाहेर आली. लहानीचेच कपडे, रेशमी दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा. माझ्याजवळ थांबली नाही.

"मॅडम, आई बरी आहे ना?" वाल्मिकने दार उघडत विचारलं.

"दर सोमवारी मी आईपाशीच असते," ती म्हणाली.

"अरे वा! आज एकदम फ्रेश," तो म्हणाला.

गाडी गेली. ती मागे वळून बघत नव्हती. मला वाटलं, लहानी गेली, न बोलता गेली, आणि आत आता ती दुसरी आहे आणि आता ती कधीच जाणार नाही. तरी मी आत गेले, कारण सासूबाई आत होत्या.

खोलीत हिरवी साडी नेसलेली बाई खाली बसली होती. भिंतीला टेकून, पाय पसरून. सासूबाई आडव्या झाल्या होत्या, उजवा हात पुन्हा लाकडासारखा पडलेला. त्या बाईने वर बघितलं. गालावर काळा फराटा तसाच होता.

"वयनी," ती म्हणाली, "चा टाक गो. साखर जास्त घाल. कवापासून गोड चा प्यालेली नाय."

मी मटकन खाली बसले आणि तिला पोटाशी धरलं. तिच्या अंगाला घामाचा वास होता. माणसाच्या घामाचा.

नंतर कधीतरी मी विचारलं, आत काय झालं? ती म्हणाली, "तिनं काय बी मागितलं नाय. नुस्ता हात पुढं केला. मी चष्मा दिला, दुपट्टा दिला. देताना वाटलं, डोक्यावरचा भारा उतरला." एवढंच. पुढे मीही विचारलं नाही.

९

लहानी राहिली. आठवडाभर आम्ही फोनची वाट बघत होतो. फोन आला नाही. मग टीव्हीवर हर्षाली दिसली, नव्या सिनेमाबद्दल बोलताना. लहानी ताट घेऊन टीव्हीसमोर बसली होती. तिने शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगलं बोलते." मग भात मागून घेतला.

सोमवारी पाय धुतल्याचा आवाज यायचा थांबला. आता सगळे वार लहानीचे होते. सासूबाई आणखी एक भात घरात आलेलं बघून गेल्या, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून. वाचा परत आली नाही, पण जाताना चेहरा भरल्या घराचा होता.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून पेपरवाले आले. हर्षालीने टीव्हीवर सांगितलं होतं, आईला शेवटचा घास मी भरवला. त्यांनी खोलीचे फोटो काढले, खाटेचे काढले, चुलीचे काढले. लहानीने त्यांना चहा दिला. एकाने कप घेताना तिच्याकडे नीट बघितलं.

"तुम्ही कोण?"

"घरचीच," लहानी म्हणाली.

त्याने मान हलवली आणि पोस्टरवरच्या बाईबद्दल पुढचा प्रश्न विचारला.

गावाने काही विचारलं नाही. गोमाकाका एकदा म्हणाले, "लहानी आली ती बरं झालं. तिला हाक मारली तर ओ देते." लहानीने मागच्या पडीक तुकड्यात मोगरा लावला. माझ्या समीक्षाला तिनेच लिहायला शिकवलं. भात झोडताना ती पुन्हा भाषणं म्हणायला लागली, आणि मी पुन्हा पेंढ्यांवर पडून हसायला लागले.

१०

दोन हजार सातच्या थंडीतली गोष्ट. दुपारची वेळ, मालकांना सुट्टी होती. लहानी माजघरात बिरडं सोलत बसली होती. तिच्या केसांत पांढरं आलं होतं. टीव्हीवर हर्षालीचा कसलासा सत्कार चालला होता. तिच्या केसांत पांढरं नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्यात काहीच उणं झालं नव्हतं, आणि जादाही.

"आता खूप झालं," ती माइकवर म्हणाली. "पुढच्या वर्षी मी हे सगळं सोडणार. सापगावला, माझ्या घरी, कायमची राहायला जाणार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो आणि लहानीकडे बघायचं टाळत होतो. हर्षालीच्या नावाने लोकांसमोर सांगितलेली एकही गोष्ट आजवर खोटी पडलेली नव्हती. सासूबाई धडधाकट असताना घास भरवण्याबद्दल छापून आलं, तर तेसुद्धा खरं झालं होतं. हा विचार इतकी वर्षं मी मनाच्या दाराबाहेर उभा ठेवला होता. त्या दुपारी तो आत आला.

"लहाने," मी म्हणाले, "ती आली म्हंजे मंग तू…"

लहानी वालाचा एक एक दाणा सोलत राहिली. मग हात पुसून म्हणाली, "आयची खोली सारवाया झालीय."

"तुला भ्या नाय वाटत?"

"वाटतं की." तिने सालं गोळा केली. "पन वयनी, आय पडली तवा मी नव्हते. ती व्हती. तू रडत व्हतीस तवा ती आली. मी बोलले तेवढं तिनं केलं, आन न बोललेलं बी केलं. तिला कुनी 'जेवलीस का' म्हून इचारलंय का कधी? मी नाय इचारलं. तू इचारलंस?"

मी आठवून बघितलं. नव्हतं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेण कालवून बसली. मी दुसरी बादली घेतली आणि तिच्या शेजारी गुडघे टेकले. खोलीच्या एका कोपऱ्यातून ती, दुसऱ्या कोपऱ्यातून मी. हात गार पडत होते. मधली ओली जमीन हळूहळू कमी होत होती आणि खिडकीतून येणारं ऊन तिच्यावर पडून वाळत होतं.

"खाट कुठं लावायची?" मी विचारलं.

लहानीने खोलीभर नजर फिरवली, जागा मापत असल्यासारखी.

"एकच कशाला?" ती म्हणाली. "दोन लावू."